अ‍ॅरे वाढत नाही, जागा बदलतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी++मधला एक प्रोग्रॅम फाइलमधून नोंदी वाचतो. प्रत्येक नोंदीत एक मजकूर आणि दोन दशांश संख्या. एकूण नोंदी किती हे आधी माहीत नसतं, म्हणून प्रश्नकर्त्याने 'न्यू' (मेमरी मागणं) आणि 'डिलीट' (ती परत करणं) वापरून स्वतःचा अ‍ॅरे, म्हणजे नोंदी ठेवायच्या घरांची रांग, लिहिला आहे. जागा संपली की तो १०० घरांनी मोठा केला जातो. काही हजार नोंदींपर्यंत सगळं सुरळीत चालतं, १० लाखांवर गेलं की प्रोग्रॅम गोठल्यासारखा होतो. शिवाय आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या नोंदीकडे एक पॉइंटर, म्हणजे तिचा मेमरीतला पत्ता, ठेवला आहे, त्यात कधीकधी कचरा दिसतो. तेव्हा लिंक्ड लिस्टकडे (प्रत्येक नोंद सुटी, तिच्यात पुढचीचा पत्ता) वळावं का?

वळू नका. 'व्हेक्टर', म्हणजे सी++च्या लायब्ररीतला आकार बदलणारा तयार अ‍ॅरे, वापरा, आणि मोठ्या नोंदीचा पॉइंटर न ठेवता तिचा क्रमांक ठेवा. तुमच्या दोन्ही तक्रारी तेवढ्याने सुटतील. पण त्या वेगवेगळ्या वाटल्या तरी एकाच कारणाच्या आहेत, आणि ते कारण कळलं नाही तर व्हेक्टर वापरूनही तुम्ही त्याच खड्ड्यात पडाल. लोक पडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

डायनॅमिक अ‍ॅरे वाढतो असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तो वाढत नाही. अ‍ॅरेची सगळी घरं मेमरीत एकाला एक लागून असावी लागतात. म्हणूनच सातशेवं घर एका गुणाकारात आणि एका बेरजेत सापडतं. पण तुमच्या शेवटच्या घराला लागून असलेली मेमरी बहुधा दुसऱ्या कुणाला तरी दिलेली असते. ती तुम्हाला ताणून घेता येत नाही. मग दुसरीकडे मोठी जागा मागायची, जुन्या नोंदी तिथे न्यायच्या, नवी नोंद ठेवायची आणि जुनी जागा परत करायची. म्हणजे दर वेळी अख्खं बिऱ्हाड हलतं.

यावर उपाय म्हणून व्हेक्टर दोन आकडे वेगळे ठेवतो. 'साइझ' म्हणजे आत्ता किती नोंदी आहेत, 'कपॅसिटी' म्हणजे घेतलेल्या जागेत किती मावतील. नेहमीच्या ६४ बिटी यंत्रावर व्हेक्टर स्वतः फक्त २४ बाइटचा असतो. त्यात तीन पत्ते असतात: सुरुवात कुठे, नोंदी कुठे संपतात, जागा कुठे संपते. साइझ कपॅसिटीपेक्षा कमी असेल तोवर 'पुश बॅक'चं, म्हणजे शेवटी नोंद जोडण्याचं, काम नगण्य असतं. दोन्ही समान झाल्या की स्थलांतर.

म्हणून खरा प्रश्न असा की स्थलांतराच्या वेळी नवी जागा किती मोठी घ्यायची. तुमची चूक इथे आहे, आणि ती नजरेने दिसत नाही, आकडेमोड करावी लागते.

दर वेळी १०० घरं वाढवली तर १० लाख नोंदींसाठी पहिल्यांदा १०० नोंदी हलतात, मग २००, मग ३००, असं करत शेवटी ९,९९,९००. या सगळ्यांची बेरीज ४९९ कोटी ९५ लाख. तुमची नोंद जीसीसी या कंपायलरमध्ये ४८ बाइटची भरेल (मजकुराचे ३२, दोन संख्यांचे १६). म्हणजे १० लाख नोंदी वाचण्यासाठी तुम्ही सुमारे २४० जीबी इतका माल इकडून तिकडे केलात. वर मजकूर लांब असेल तर प्रत्येक कॉपीत त्याच्यासाठी वेगळी मेमरी मागितली जाते, ते निराळंच. १०० ऐवजी १,००० घेतले तर काम दहापट कमी होईल, पण फाइल दहापट मोठी झाली की काम शंभरपट वाढेल. आकडा कोणताही निवडा, ठरावीक संख्येने वाढवलं की काम नोंदींच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि हा वर्ग पिच्छा सोडत नाही.

आता दुप्पट करून बघा. १, २, ४, ८ असं करत ५,२४,२८८ पर्यंत. एकूण हलवलेल्या नोंदी १०,४८,५७५. स्थलांतरं २०. सरासरी काढली तर नोंदीमागे जेमतेम एक हलवाहलव. अगदी वाईट क्षणी, म्हणजे नुकतंच स्थलांतर झालेलं असताना मोजलं तरी नोंदीमागे दोनच्या वर जात नाही. संख्या कितीही वाढली तरी ही मर्यादा तशीच राहते, कारण पाऊल अ‍ॅरेच्या आकाराच्या प्रमाणात टाकलेलं असतं.

दुप्पटच का, असा प्रश्न येतोच. गरज नाही. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांच्या लायब्ररी दुप्पट करतात, मायक्रोसॉफ्टची दीडपट. दीडपटीत हलवाहलव जरा जास्त होते (नोंदीमागे फार तर तीन), पण रिकामी पडून राहणारी जागा कमी असते. आणखी एक बारकावा आहे. दुप्पट करताना आधी सोडलेल्या सगळ्या जागा एकत्र केल्या तरी नव्या मागणीला पुरत नाहीत: १ + २ + ४ मिळून ७, आणि हवेत १६. गुणक सुवर्ण गुणोत्तराच्या, म्हणजे साधारण १.६१८ च्या खाली असेल तर काही पावलांनंतर जुन्या सोडलेल्या जागेत नवा अ‍ॅरे बसू शकतो. तत्त्वतः हे सुंदर आहे. व्यवहारात मेमरी वाटणारा भाग कसा वागतो यावर बरंच अवलंबून असतं, तेव्हा यावरून लायब्ररी बदलू नका.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. स्थलांतराच्या क्षणी जुनी आणि नवी दोन्ही जागा एकदम अस्तित्वात असतात. तुमच्या शेवटच्या दुपटीत सुमारे २५ एमबी जुनी आणि ५० एमबी नवी. छोट्या यंत्रावर प्रोग्रॅम याच क्षणी मरतो आणि लोक म्हणतात, 'डेटा तर मावत होता!' दुसरं, सरासरी स्वस्त म्हणजे प्रत्येक वेळी स्वस्त असं नव्हे. विसातलं एक स्थलांतर पाच लाख नोंदी हलवतं. आवाजाची प्रक्रिया किंवा मोटारीचं नियंत्रण अशा ठिकाणी तो एक झटका चालत नाही. तिथे आधीच जागा राखून ठेवायची आणि चालू कामात वाढवायचीच नाही.

आता पॉइंटरचा कचरा. वरचं वाचून कारण लक्षात आलंच असेल. पॉइंटर जुन्या जागेतल्या घराकडे बोट दाखवत होता, बिऱ्हाड हलल्यावर ती जागा परत गेली. कचरा 'कधीकधी'च का येतो, तर सोडलेली मेमरी लगेच पुसली जात नाही. दुसऱ्या कुणी तिच्यावर लिहीपर्यंत जुनं मूल्य तिथे दिसत राहतं. चाचणीत ५० नोंदी असतात, एकही स्थलांतर होत नाही, सगळं हिरवं. खऱ्या फाइलवर फुटतं. कंपायल करताना अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी कंपायलरची सोय, चालू ठेवलात तर हा प्रकार पहिल्याच चुकीच्या वाचनाला, ओळ क्रमांकासह, पकडला जातो. डायनॅमिक अ‍ॅरेबरोबर पॉइंटर वापरणाऱ्या प्रत्येकाने ती सवय लावावी असं माझं ठाम मत आहे.

हाच दोष इतर वेषांतही येतो. व्हेक्टरवर लूप फिरवताना त्याच लूपमध्ये त्याच व्हेक्टरला पुश बॅक करणं हा सर्वांत नेहमीचा वेष; लूपच्या पोटात इटरेटरच (घराघरातून फिरणारा, पॉइंटरसारखा दर्शक) असतो आणि स्थलांतर झालं की तोही रद्द. एखाद्या फंक्शनला घराचा रेफरन्स (प्रत नव्हे, मूळ घराचंच दुसरं नाव) द्यायचा आणि त्या फंक्शनने आत कुठेतरी नोंद जोडायची, हा दुसरा. हा शोधायला जास्त अवघड, कारण दोन ओळी दोन वेगळ्या फाइलींत असतात. तिसरा तुमच्या हाताने लिहिलेल्या अ‍ॅरेला थेट लागू आहे: अ‍ॅरेचंच पहिलं घर अ‍ॅरेच्या शेवटी जोडायचं. तुमचं फंक्शन नोंद रेफरन्सने घेतं, जागा संपलेली असते, जुनी जागा सोडली जाते आणि मग त्या सोडलेल्या जागेतून कॉपी होते. लायब्ररीतल्या व्हेक्टरमध्ये हे चालतंच चालतं. लायब्ररी लिहिणारे नवी नोंद नव्या जागेत आधी तयार करतात आणि मग जुन्या हलवतात. अशा छोट्या गोष्टींसाठीच मी स्वतःचा व्हेक्टर लिहू नका म्हणतो. शिकण्यासाठी जरूर लिहा, पण तो शिकण्यापुरताच ठेवा.

क्रमांक ठेवला की स्थलांतराची भीती जाते. ४,२१७ क्रमांकाची नोंद कुठेही हलली तरी ४,२१७ क्रमांकाचीच राहते. मात्र मधली नोंद काढली किंवा अ‍ॅरे क्रमाने लावला तर क्रमांकही खोटा पडतो. तुम्ही फक्त शेवटी जोडता आहात, म्हणून तुम्हाला पुरेल. पत्ता कायमचा टिकायलाच हवा असेल तर लायब्ररीतलाच 'डेक' बघा: दोन्ही टोकांना नोंदी जोडल्या तरी त्यात आधीच्या नोंदी जागच्या हलत नाहीत. इटरेटर रद्द होतात, रेफरन्स राहतात.

व्हेक्टरकडे वळल्यावर पहिला गोंधळ 'रिझर्व्ह' आणि 'रिसाइझ' यांचा होतो. रिझर्व्ह फक्त जागा घेतो, साइझ शून्यच राहते. रिसाइझ प्रत्यक्ष घरं भरून देतो. रिसाइझने १० लाख घरं करून मग पुश बॅक केलं तर पहिल्या १० लाख नोंदी कोऱ्या आणि तुमच्या नोंदी त्यांच्यानंतर. उलट, रिझर्व्ह करून चौकटी कंसाने थेट पाचव्या घरात लिहिलं तर ते घर अजून अस्तित्वातच नसतं. जागा आहे म्हणून प्रोग्रॅम पडत नाही आणि साइझ शून्यच दिसते. 'नोंदी लिहिल्या पण छापताना गायब' अशा तक्रारी बहुधा याच असतात.

रिझर्व्हचा दुसरा सापळा तुमच्या सवयीशी जुळतो, म्हणून मुद्दाम सांगतो. नोंदी १००-१०० च्या गठ्ठ्यांत येत असतील तर प्रत्येक गठ्ठ्याआधी 'आत्ताची साइझ अधिक १००' इतकं रिझर्व्ह करावं असं वाटतं. काळजीपूर्वक लिहिल्यासारखं दिसतं. पण जीसीसीची लायब्ररी मागाल तेवढीच जागा घेते, दुप्पट करत नाही. म्हणजे तुमचा जुना ४९९ कोटींचा हिशेब मागल्या दाराने परत. रिझर्व्ह एकदाच, सुरुवातीला, अंदाजाने करा. फाइलचा आकार भागिले एका ओळीची सरासरी लांबी हा अंदाज पुरतो. जमत नसेल तर करूच नका. २० स्थलांतरं काही जड नाहीत.

तुमच्या नोंदीच्या स्ट्रक्टमध्ये (नोंदीच्या व्याख्येत) डिस्ट्रक्टर, म्हणजे नोंद नष्ट होताना चालणारं फंक्शन, लिहिलेला आहे का तेही बघा. रिकामा असला तरी काढून टाका. डिस्ट्रक्टर स्वतः लिहिला की कंपायलर आपणहून मूव्ह कन्स्ट्रक्टर (कॉपी न करता आतला माल नव्या नोंदीत नेणारं फंक्शन) देत नाही, आणि स्थलांतरात मजकूर उचलून नेण्याऐवजी प्रत्येकाची पूर्ण कॉपी होते. मूव्ह कन्स्ट्रक्टर हाताने लिहिलात तर त्यावर 'नोएक्सेप्ट' (यातून चूक फेकली जाणार नाही, ही ग्वाही) लावा. ते नसेल आणि नोंदीची कॉपी करता येत असेल तर व्हेक्टर कॉपीच करतो, कारण अर्ध्यात चूक उद्भवली तर जुना अ‍ॅरे शाबूत राहिला पाहिजे ही त्याची हमी आहे.

लिंक्ड लिस्टविषयी. तिच्यात काहीही हलत नाही हे खरं, आणि पॉइंटरही टिकतील. पण तिची किंमत बघा. चार बाइटची एक पूर्णांक संख्या दुहेरी लिस्टमध्ये ठेवली तर पुढचा-मागचा पत्ता मिळून नोड २४ बाइटचा होतो, आणि जीलिबसीचा (लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक, म्हणजे मेमरी वाटणारा भाग, त्यासाठी ३२ बाइट खर्च करतो. आठपट. वर प्रत्येक नोंदीला एक स्वतंत्र मेमरीची मागणी. आणि प्रोसेसर मेमरी एकेक बाइट आणत नाही, बहुतेक यंत्रांवर ६४ बाइटची ओळ एकदम आणतो. अ‍ॅरेत त्या एका ओळीत १६ संख्या येतात, शिवाय पुढच्या ओळी लागतील हे ओळखून प्रोसेसर त्या आधीच मागवतो. लिस्टमध्ये पुढचा पत्ता हातात येईपर्यंत काही मागवताच येत नाही. 'मध्ये घुसवणं झटपट' हे लिस्टचं कौतुक पुस्तकात खरं असतं, पण ती मधली जागा शोधायला आधी अर्धी लिस्ट चालावी लागते. मी लिस्ट तेव्हाच घेतो जेव्हा नोंदीचा पत्ता आधीच हातात असतो आणि ती एका लिस्टमधून काढून दुसरीत टाकायची असते.

काढून टाकण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या आठवड्यात विचाराल. मधली एक नोंद काढली की मागच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकतात. लूपमध्ये अशा हजारो काढल्या की पुन्हा तोच वर्गाने वाढणारा खर्च. शिवाय क्रमांकाने फिरताना काढल्यावर क्रमांक वाढवलात तर सरकून आलेली नोंद न तपासता सुटते. दोन नकोशा नोंदी शेजारी असतील तर एक शिल्लक राहते. सी++२०पासून 'इरेझ इफ' आहे, एकाच फेरीत सगळं होतं. त्याआधीच्या कंपायलरवर 'रिमूव्ह इफ' आणि मग 'इरेझ'. क्रमाची पर्वा नसेल तर याहून सोपं: शेवटची नोंद नकोशा नोंदीच्या घरात टाका आणि शेवटचं घर कमी करा.

'क्लिअर' केल्यावर साइझ शून्य होते, कपॅसिटी तशीच राहते. तोच व्हेक्टर पुन्हा भरायचा असेल तर हे उत्तमच. मेमरी खरंच परत हवी असेल तर 'श्रिंक टू फिट', पण ती फक्त विनंती आहे. सी++चं मानक तिची सक्ती करत नाही. व्हेक्टर आपणहून लहान होत नाही, आणि स्वतःचा लिहिणार असाल तर एक काळजी घ्या: साइझ निम्म्यावर आल्याबरोबर जागा निम्मी केली तर सीमेवर एक जोड, एक काढ, एक जोड असं होताना दर पावलाला स्थलांतर होईल. पाव हिश्श्यावर आल्यावर निम्मी करतात, ते यासाठी.

शुद्ध सीमध्ये काम करत असाल तर 'रिअ‍ॅलॉक' (घेतलेल्या जागेचा आकार बदलणारं फंक्शन) आहे, आणि तो कधीकधी शेजारची जागा मोकळी असेल तर खरोखर जागच्या जागी वाढवतो. त्याचं उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये ठेवू नका. मेमरी मिळाली नाही तर शून्य पत्ता येतो, जुनी जागा तशीच घेतलेली राहते आणि तिचा पत्ता तुम्ही पुसलेला असतो. तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या, तपासा, मग बदला. संख्या गुणिले आकार हा गुणाकार मर्यादेबाहेर जातो का तेही आधी बघा. पण सी++च्या नोंदींवर रिअ‍ॅलॉक चालवू नका. जीसीसीच्या लायब्ररीत छोटा मजकूर स्ट्रिंगच्या आतच राहतो आणि स्ट्रिंगमधला पॉइंटर स्वतःच्याच पोटाकडे दाखवतो. बाइट जसेच्या तसे दुसरीकडे नेले की तो पॉइंटर जुन्या घराकडे बघत राहतो.

इतर भाषांत यंत्रणा हीच, फक्त दोष वेगळ्या तोंडाने बोलतो. जावाची अ‍ॅरेलिस्ट दीडपटीने वाढते, १० वरून १५, २२, ३३. फॉर-ईच लूप फिरत असताना तिच्यात बदल केलात तर बहुतेक वेळा अपवाद (एक्सेप्शन) फेकून थांबवते. पायथनची लिस्ट साधारण एक अष्टमांशानेच वाढते, पण ती हलवते ते फक्त आठ-आठ बाइटचे पत्ते, नोंदी नव्हेत, म्हणून तिला ते परवडतं. तिच्यात सुरुवातीची नोंद वारंवार काढायची असेल तर मात्र 'डेक'च घ्या. रस्ट तर घराचा रेफरन्स हातात असताना पुश करणारा प्रोग्रॅम कंपायलच होऊ देत नाही. तुमचा कचरा तिथे जन्मालाच आला नसता.

गो या भाषेवर जरा थांबतो, कारण तिथे दोष उलटा येतो. गोमधली स्लाइस म्हणजे पत्ता, लांबी आणि कपॅसिटी. समजा लांबी ३, कपॅसिटी ५. तिच्यावर एकदा 'अपेंड' (शेवटी जोड) करून उत्तर एका नावात ठेवलं, आणि मूळ स्लाइसवरच पुन्हा अपेंड करून उत्तर दुसऱ्या नावात. दोन स्वतंत्र स्लाइस मिळतील असं वाटतं. जागा शिल्लक असल्यामुळे स्थलांतर झालंच नाही, दोघींनी चौथ्या घरात लिहिलं, आणि पहिलीतलं मूल्य दुसरीने गिळलं. कपॅसिटी ३ असती तर दोन्ही वेगळ्या झाल्या असत्या. म्हणजे सी++मध्ये स्थलांतर झालं की फुटतं, गोमध्ये झालं नाही की. उपाय: स्लाइस दुसऱ्या कुणाला देताना तीन आकड्यांनी (सुरुवात, शेवट, कपॅसिटीची मर्यादा) कापून तिची कपॅसिटी लांबीइतकी करा, किंवा 'स्लाइसेस क्लोन'ने सरळ प्रत घ्या.

तुमच्या प्रोग्रॅमकडे परत येतो. न्यू, डिलीट आणि १०० चा हिशेब हे सगळं काढून एक व्हेक्टर ठेवा. वाचलेली नोंद मूव्ह करून पुश बॅक करा. मोठ्या नोंदीचा क्रमांक 'साइझ टी' (ऋण नसलेल्या पूर्णांकांचा) प्रकारात ठेवा आणि सुरुवातीला 'अजून काही नाही' हे वेगळं ओळखा, शून्य क्रमांक धरून चालू नका, नाहीतर रिकाम्या फाइलवर पहिलं घर वाचायला जाल. सॅनिटायझर लावून एकदा पूर्ण फाइल चालवा. त्यानंतरही वेळ जास्त लागत असेल तर अ‍ॅरेकडे बघू नका, वाचन तपासा: प्रत्येक ओळीनंतर 'एंडएल'ने काही छापत असाल तर दर ओळीला बफर (छापायचा मजकूर साठवणारी तात्पुरती जागा) रिकामा होतो, आणि १० लाख ओळींवर तो खर्च २० स्थलांतरांपेक्षा कितीतरी मोठा असतो.